गोसेखुर्द धरणावर गळ टाकायला गेलो होतो, एकाच रॉडवर भागवायचं असेल तर वाचा

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं पहाटेच निघालो, गावातून उमरेड, मग भिवापूर, मग पवनी. उमरेडला तर्री-पोह्यात अर्धा तास गेला, तो जातोच. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मासे कमी अन् नवीन रॉड टेस्ट करायचा जास्त, कारण मागच्या वर्षी याच काठावर माझी पार फजिती झाली होती.

तेव्हा ऑनलाइन चौदाशेचं पूर्ण किट मागवलं होतं, 12 फुटी टेलिस्कोपिक रॉड, रीलवर 13 बेअरिंग छापलेलं, सोबत डबाभर गळ. तिलापियापर्यंत ठीक चाललं हो, पण एक बरा रोहू लागला अन् त्यानं ओढ घेतली तर ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी थोडी थोडी सोडणारा रीलचा ब्रेक) जाम, स्पूल (रीलची दोरी गुंडाळलेली चकरी) फिरेच ना, तंगूस (नायलॉनची दोरी) कडकन तुटला. दुसऱ्या वेळी तर रॉडच्या टोकाचा तुकडाच निघून पाण्यात गेला. बाजूला डोंगा बांधत असलेला धिवर (मासेमार) काका म्हणे, "इतली लांब काडी काहून आनली जी, मासोरी तं काठापाशीच हाय." बरोबरच होतं, मागं सगळ्या बाभळी, बारा फूट फिरवायला जागाच नाही. तो रॉड आता आई शेवग्याच्या शेंगा पाडायला वापरते.

यावेळी साधं गणित केलं. 8 फुटी दोन तुकड्यांचा फायबरग्लासचा रॉड, त्याच्यावर 15 ते 40 ग्रॅम लिहिलेलं (म्हणजे एवढं वजन तो नीट फेकतो), आणि 4000 साइजचं स्पिनिंग रील. कार्बनचा रॉड हलका असतो पण दगडावर आपटला की चिरतो, अन् आपण तर मोटरसायकलला बांधून नेणार, वर शेताशेतातून विजेच्या तारा, कार्बनमधून करंट येतो, त्यामुळे मला तरी फायबरच बरा वाटला. थोडा जड आहे, दुपारपर्यंत मनगट दुखतं, चालतं. सगळं मिळून अडीच हजाराच्या आत बसलं, त्यातले जास्त पैसे रीलवर टाकले.

रील घेताना बेअरिंगचा आकडा पाहू नका. दुकानातच ड्रॅगची चावी हळूहळू सैल करत दोरी हातानं ओढून पाहा, ती एकसारखी सुटली पाहिजे, झटके देत सुटली तर ठेवून द्या. हँडल फिरवून मागंपुढं किती हलतं ते पाहा, बेलची तार (फेकताना उघडायची रीलवरची कमान) आठ-दहा वेळा उघडबंद करा. रॉडच्या प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला म्हणजे आत चीर आहे आणि ती तुमचा तंगूस कापणार. एवढं तपासू देत नसेल तर दुकान बदला, ऑनलाइन घेतलं तर घरी आल्याबरोबर हेच करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

तंगूस 0.32 एमएमचा घेतला. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन एमएम खाली राहील एवढाच भरायचा, जास्त भरला की फेकताना गुंता होतो अन् कमी भरला की लांब जातच नाही. ब्रेडेड (विणलेल्या) दोरीच्या मागं सध्या लागू नका, महाग पडते. ड्रॅग लावायची आमची पद्धत म्हणजे कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली पाण्यानं भरायची, रीलमधून निघालेल्या दोरीला बांधून सरळ वर उचलायची, बाटली हलकेच उचलली जावी आणि जरा झटका दिला की दोरी सुटावी. गाठ आवळताना थुंकी लावा, कोरडी आवळली की तंगूस तापून कमजोर होतो.

तर झालं काय, सकाळी थंडीनं काहीच नाही, मासा सुस्तच असतो अशा वेळी. अकरानंतर ऊन चढलं तसे कणकेच्या गोळ्यावर चार तिलापिया आले, मग साडेबाराच्या सुमारास एक रोहू, दोन किलोच्या आसपास. यावेळी ड्रॅग सर्रर्र वाजत दोरी सुटत गेली, मी काही केलं नाही, नुसता रॉड उंच धरून उभा राहिलो. पाच-सात मिनिटांत थकून काठाला आला. त्याच रॉडला संध्याकाळी चमचा (धातूचं चकाकणारं नकली आमिष) लावून जलकुंभीच्या कडेनं मरळसाठी फेकत राहिलो, मरळ काही लागली नाही, पण फेक छान जात होती.

जाणाऱ्यांसाठी, मासेमारीचा हक्क तिथल्या मच्छीमार सोसायट्यांकडे असतो, आधी त्यांना विचारा, धिवर लोकांच्या जाळ्याजवळ गळ टाकू नका. बॅकवॉटरचा काही काठ कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे, तिकडं पाय ठेवायचाच नाही. पाण्यात बुडालेली झाडं खूप आहेत, आमचे सहा गळ तिथंच राहिले, म्हणून डझनभर जास्तीचे आणि शिसं (दोरीला लावायचं वजन) न्या. नागपूरच्या नाग नदीचं घाण पाणी कन्हानमार्गे इथंच येतं, तेव्हा हिरवट साय दिसली तिथं हात-तोंड धुवू नका, प्यायचं पाणी घरून घ्या. अन् घरी आल्यावर रील ओल्या फडक्यानं पुसून ड्रॅगची चावी सैल करून ठेवा, मागच्या किटची मी वर्षभर घट्टच ठेवली होती.