आजीला लेण्याद्री चढवली त्याची गोष्ट

अष्टविनायकांपैकी सात आजीचे झाले होते. राहिला होता लेण्याद्रीचा गिरिजात्मज, आणि त्याला कारण पायऱ्या. तीनशेच्या आसपास आहेत, आणि आजीचे गुडघे ऐंशीचे. "मी आपली खालूनच हात जोडीन," असं ती कैक वर्षं म्हणत होती. ते काही खरं नव्हे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

डिसेंबरात कल्याणहून पहाटे पाचला निघालो. मुरबाड, माळशेज, पिंपळगाव जोग्याच्या धरणाशी चहा. नऊच्या आत पायथ्याला.

पहिला खोडा तिकिटाचा. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आणि देऊळ त्यातल्याच सातव्या लेण्यात, त्यामुळे दर्शनालाही माणशी २५ रुपये. पंधरा वर्षांखालच्यांना माफ, म्हणून चिरंजीव फुकटात. "देवाच्या दारात तिकीट?" आजीने खिडकीतल्या माणसालाच झापलं. तो रोज हेच ऐकत असणार. "आजी, देवाचं नाही, लेण्यांचं," एवढंच म्हणाला.

मग डोली. खुर्चीला दोन बांबू, उचलायला चौघं. भाव जाऊन-येऊन ठरवायचा, आणि वर किती वेळ थांबणार तेही खालीच बोलून घ्यायचं. ते आईने चोख केलं. पण आजी बसेना. "मेल्यावर चौघं उचलणारच आहेत, आत्तापासून कशाला?"

त्यांच्यातला एक म्हातारा हसला. "आजी, ते परत आणत नाहीत. आम्ही आणतो."

बसली.

वाटेत माकडांनी माझ्या हातची पूजेची पुडी पळवली. एकाने कठड्यावर निवांत बसून जास्वंद खाल्ली आणि दुर्वा खाली टाकल्या. (पिशवी हातात धरू नका, सॅकमध्ये घाला.)

वर गेल्यावर मात्र आजी गप्प झाली. एवढा मोठा मंडप, आणि मध्ये एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना बौद्ध भिक्षूंच्या वीस खोल्या, आणि मागच्या भिंतीवर शेंदरातला गणपती. समोर दरीपलीकडे शिवनेरी. तिने डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनागृह. स्तूप, खांबांवर हत्ती-सिंह. तिथला शिलालेख सांगतो की हे दान कल्याणच्या सुलसदताचं. मी हे आजीला सांगितलं.

"आपल्या कल्याणचा?"

"हो. दोनेक हजार वर्षांपूर्वीचा."

"मग आला कुठून? माळशेजनं?"

"नाणेघाटातून आला असेल. तीच व्यापाराची वाट होती."

"चालत?"

"बहुतेक."

तिने डोलीवाल्यांना हाताने थांबवलं. उतरताना पहिल्या अकरा पायऱ्या ती माझा दंड धरून स्वतः उतरली. मागून रिकामी डोली घेऊन चौघं. बाराव्या पायरीला म्हणाली, "आणा रे खुर्ची."