तुम्ही विचारलंत म्हणून: राणी मुंगी पाहायला मिळते तरी कुठे?

मला मुंग्यांच्या निरीक्षणाचा छंद आहे हे कळले की बहुतेक जण हटकून एकच प्रश्न विचारतात: "राणी मुंगी पाहायला मिळते तरी कुठे? त्यासाठी वारूळ खणावे लागत असेल ना?" प्रश्न रास्त आहे, कारण वर्षभर आपल्या नजरेस पडतात त्या सगळ्या कामकरी मुंग्या, आणि राणी जमिनीच्या पोटात खोल कुठेतरी असते एवढेच आपण ऐकून असतो. पण राणी शोधण्यासाठी खणण्याइतका वाईट मार्ग दुसरा नाही. खणल्याने मुंग्यांचे घर उद्ध्वस्त होते, अळ्या आणि कोश उघड्यावर पडतात, आणि एवढे करूनही राणी बहुधा हाती लागत नाही, कारण हादरे जाणवताच ती आणखी आत सरकते. ज्या जातींत एका घरात एकच राणी असते, तिथे ती दगावली तर सगळ्या वसाहतीचाच शेवट ठरलेला असतो. राणी पाहायची असेल तर ती आपण होऊन बाहेर येते त्या वेळी आपण तिथे असायला हवे, आणि तशी वेळ बहुतेक जातींच्या राणीच्या आयुष्यात एकदाच येते.

ती वेळ म्हणजे मीलनाच्या उड्डाणाची. वसाहत पुरेशी मोठी झाली की वर्षातल्या ठरावीक काळात तिच्यात पंख असलेल्या माद्या आणि पंख असलेले नर वाढवले जातात. माद्या, म्हणजे भावी राण्या, फलित अंड्यांतून जन्मतात आणि नर अफलित अंड्यांतून. म्हणजे नर मुंगीला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. ही पंखवाली प्रजा लगेच उडत नाही. हवामान मनासारखे होईपर्यंत ती घरातच थांबते, आणि हे थांबणे कधीकधी फार लांबते: थंड प्रदेशांतल्या काही मुंगळ्यांचे नर-मादी हिवाळ्यापूर्वीच तयार होतात, संपूर्ण हिवाळा घरात काढतात आणि वसंतात बाहेर पडतात.

उड्डाणाचा दिवस ओळखणे हेच या छंदातले खरे कसब आहे. बऱ्याच जातींना पाऊस पडून गेल्यानंतरची दमट, उबदार आणि वारा पडलेली हवा लागते. पाऊस झाला की जमीन मऊ होते आणि नव्या राणीला बीळ खणणे सोपे जाते. हवेतल्या दमटपणामुळे तिचे अंग सुकत नाही. आणि वारा नसला तर इतके अशक्त उडणारे जीव भलतीकडे वाहून जात नाहीत. ब्रिटनमध्ये 2012 ते 2014 या काळात सामान्य नागरिकांनी पाठवलेल्या नोंदींच्या अभ्यासात असे आढळले की उड्डाणे तापमान 13 अंश सेल्सिअसच्या वर आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला 6.3 मीटरपेक्षा कमी असतानाच झाली. सगळीकडच्या मुंग्या वर्षातल्या एकाच दिवशी उडतात, हा तिथला लोकप्रिय समजही या नोंदींनी खोटा ठरवला. तरीही एका परिसरातल्या एकाच जातीच्या अनेक वसाहती एकाच दुपारी उघडतात हे खरे आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. त्यामुळे एका घरच्या मादीला दुसऱ्या घरचा नर मिळतो, आणि पक्षी, चतुर, कोळी यांनी पोटभर खाल्ले तरी काही जीव शिल्लक राहतात. जुलै 2019 मध्ये दक्षिण इंग्लंडवर उडालेल्या मुंग्यांचे थवे इतके दाट होते की हवामान खात्याच्या रडारवर ते पावसासारखे उमटले होते.

घर उघडण्याआधीची लगबग मला प्रत्यक्ष उड्डाणापेक्षाही अधिक मोलाची वाटते. एरवी मुंगी जेमतेम शिरेल एवढे असलेले तोंड रुंद झालेले दिसते, कामकरी मुंग्या नेहमीची रांग सोडून तोंडाभोवती सैरावैरा फिरू लागतात, आणि मग एखादे पंखवाले डोके बाहेर डोकावून परत आत जाते. थोड्या वेळाने नर आणि माद्या बाहेर येऊन गवताच्या पात्यांवर, दगडांवर, जे काही उंच मिळेल त्यावर चढतात. कित्येकदा पुन्हा खाली उतरतात. ढग आले किंवा वारा सुटला तर सगळा बेत रद्द होतो आणि सारी प्रजा घरात परतते. अशा वेळी निराश होऊ नये, कारण तेच घर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडण्याची शक्यता दाट असते.

एकदा थवा उडाला की नजर आकाशाकडे जाते, पण राणी शोधणाऱ्याने ती जमिनीवर आणावी. मीलन उरकलेले नर काही तासांत, फार तर काही दिवसांत मरतात. मादी मात्र खाली उतरते. त्या एका उड्डाणात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या खास पिशवीत जपून ठेवते आणि पुढे आयुष्यभर त्यांवरच अंडी फलित करते. बागेतल्या काळ्या मुंगीची, म्हणजे लॅसियस नायगर या जातीची, एक राणी माणसाने पाळलेल्या अवस्थेत जवळजवळ 29 वर्षे जगल्याची नोंद आहे, यावरून ती साठवण किती टिकाऊ असते ते कळावे.

खाली उतरलेली राणी सापडते ती मोकळ्या मातीवर, पायवाटेवर, फरशीवर, भिंतीच्या कडेला. अंधार पडल्यावर उडणाऱ्या जाती दिव्याकडे ओढल्या जातात, म्हणून रात्री दिव्याखालची जमीन पाहावी. कामकरी मुंगी अन्नाच्या किंवा घराच्या वाटेवर असते, तर नवी राणी कोणत्याही रांगेत नसते. ती एकटीच भराभर चालते, प्रत्येक फटीत, प्रत्येक ढेकळाखाली डोके घालून पाहते आणि पुढे सरकते. आकारही मदतीला येतो, पण आकारावर विसंबू नये, कारण एका जातीची राणी दुसऱ्या जातीच्या कामकरी मुंगीपेक्षा लहान असू शकते. भरवशाची खूण म्हणजे वक्ष. उडण्याचे स्नायू सामावण्यासाठी राणीचे वक्ष रुंद आणि उंच झालेले असते, पाठीवर कुबड आल्यासारखे दिसते, आणि पंख गळल्यानंतरही त्यांच्या मुळाशी असलेले खुंट भिंगातून स्पष्ट दिसतात. कामकरी मुंगीचे वक्ष चिंचोळे असते आणि त्यावर अशी खूण कधीच नसते.

पंख मोडण्याची क्रिया पाहायला मिळाली तर बाकी सगळे सोडून तिथेच थांबावे. राणी चालता चालता मध्येच थबकते, शरीर एका बाजूला झुकवते आणि मधला व मागचा पाय पंखावरून घेऊन तो खाली, बाजूला दाबत राहते. पंख मुळाशी ठरलेल्या रेषेवरच तुटतो. तो पडल्यावर ती त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू तिच्या शरीरात विरघळतात, आणि अनेक जातींत राणी त्यांवर आणि अंगातल्या चरबीवरच पहिल्या पिढीचे पोषण करते. स्वतःला कोंडून घेतलेल्या त्या बिळातून ती अन्नासाठी एकदाही बाहेर पडत नाही. काही जातींच्या राण्यांना मात्र या काळातही शिकारीला जावे लागते.

पावसात दिव्याभोवती जमणारे सगळेच पंखवाले किडे मुंग्या नसतात, हेही सांगायला हवे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते आणि शृंगिका मण्यांच्या सरीसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि मादीच्या शृंगिका कोपरात वाकलेल्या असतात. शिवाय प्रत्येक जातीची राणी उडतेच असे नाही. डोरायलस या लष्करी मुंग्यांच्या राणीला पंखच नसतात. दिव्यावर येतो तो तिचा जाडजूड, तपकिरी नर, आणि त्यालाच अनेक जण राणी समजतात.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: सापडलेली राणी घरी आणावी का? माझे मत असे की पाहणे पुरेसे आहे. फारच ओढ असेल तर एखादी, आपल्याच परिसरातल्या सर्वसाधारण जातीची राणी आणावी. बीळ खणायला लागलेली राणी मात्र कधीही उचलू नये. परीक्षानळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा, एवढे तिला पुरते. नळी अंधारात ठेवावी आणि सारखी उघडून पाहू नये. पंख गळलेली प्रत्येक राणी मीलन झालेली असतेच असे नाही. तसे झाले नसेल तर तिच्या अंड्यांतून कामकरी मुंग्या निघणार नाहीत. राण्यांचा व्यापार मला मुळीच मान्य नाही. 2025 मध्ये केनियात हजारो राण्या नळ्यांत भरून देशाबाहेर नेण्याच्या बेतात असलेल्यांना न्यायालयाने जबर दंड ठोठावला, आणि ते योग्यच झाले: त्यातली प्रत्येक राणी तिथल्या मातीतली एक होऊ शकणारी वसाहत होती, आणि परक्या देशात निसटली असती तर तिथल्या मुंग्यांवर संकट ठरू शकली असती.

म्हणून जो विचारतो त्याला मी नळीऐवजी वही घ्यायला सांगते. उड्डाण दिसले की तारीख, वेळ, आदला पाऊस कधी पडला, वारा किती होता, कोणते घर उघडले आणि मुंग्यांचा रंग व आकार काय होता, हे तिथल्या तिथे लिहावे. घर उघडले आणि कोणी उडाले नाही, तर तेही लिहावे. पुढच्या ऋतूत त्याच जातीच्या उड्डाणाची वाट केव्हा पाहायची, हे ठरवताना याच नोंदी उपयोगी पडतात.