यमूला गोव्यात आणायचं तर

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आजच्या फोंड्यात किंवा म्हापशात घडवायची असेल, तर तिच्या नायिकेच्या, तरुणपणीच विधवा होणाऱ्या यमूच्या हातात मोबाइल देण्याआधी तिच्या सासरच्या घराचे कागद बघा. जुन्या कादंबरीचं नवं रूप बहुधा इथेच फसतं. कपडे, गाड्या, बोलणं आजचं होतं, पण मूळ कथेतली माणसं ज्या कोंडीत अडकली होती ती मागेच राहते. मग वाचक विचारतो, ही बाई निघून का जात नाही?

म्हणून मूळ पुस्तक आधी प्रकरणागणिक वहीत उतरवा. दर प्रकरणासमोर तीन रकाने: कोणाला काय हवंय, कोण अडवतंय, अडवणाऱ्याच्या हातात काय आहे. तिसरा रकाना कधीच रिकामा सोडू नका. त्या काळच्या ब्राह्मण घरांत विधवेच्या केशवपनामागे शास्त्र, वडीलधारे आणि पोटाची चिंता एकत्र उभी असे. आज तो प्रसंग जसाच्या तसा आणला तर खोटा वाटेल. तिच्या आयुष्याचा निर्णय इतरांनी परस्पर घेणं मात्र टिकायलाच हवं.

गोव्यात ही कोंडी कायद्यात शोधावी लागते, कारण इथला कायदा महाराष्ट्रातल्यासारखा नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमाने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. घर विकायला दोघांची संमती लागते. तेव्हा ‘सासरच्यांनी तिला बाहेर काढलं’ एवढ्यावर भागत नाही.

आता मृत्यूंचा क्रम बदलून बघा. सासरे हयात असताना नवरा गेला आणि मूल नसेल, तर सासऱ्यांच्या नावावरच्या घरात नवऱ्याचा वाटा तयारच झालेला नसतो. तिला निम्मं मिळणार कशातलं? सासरे आधी गेले तर कादंबरीच वेगळी होते. वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटे पाडण्याची प्रक्रिया, सुरू होते, हक्कदारांमध्ये घरावर बोली लागू शकते, आणि वाटा असूनही रोकड नसलेली यमू जास्त बोली लावणाऱ्या दिरापुढे हरते. तिला पैसे मिळतात, घर जातं. मला हा दुसरा मार्ग जास्त ताकदीचा वाटतो, कारण त्यात कोणी आवाजसुद्धा चढवत नाही. मूळ कादंबरीतला खलपुरुष शंकरमामंजी, त्याच्या नव्या अवताराला एक मुखत्यारपत्र पुरेल. हा भाग गोव्यात वकिली करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्याच. तारखांचा एक घोळ अख्खं कथानक मोडतो.

मूळ कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. त्यामुळे आठवण करून देणारे परिच्छेद आणि वाचकाला उद्देशून केलेली विधानं बरीच आहेत, ती बिनदिक्कत गाळा. यमूचं ‘मी’ मात्र सोडू नका. ती हे कधी, कोणासाठी लिहिते आहे, ते पहिल्या पानाआधी ठरलेलं असावं.

निवेदन मराठीत, घरातलं बोलणं कोंकणीत, ही इथली खरी रीत आहे. कोंकणी वाक्यं आखूड ठेवा आणि अर्थ पुढच्या कृतीतून कळू द्या. दर पानावर तळटीप आली की संवाद मेलाच.

आपटे १९१९ साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे मूळ मजकूर मोकळा आहे. नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या असतीलच असं नाही. फ्रान्सिस्को लुईश गोमिश यांची १८६६ ची पोर्तुगीज कादंबरी ‘ओश ब्राह्मानिश’ अनुवादातून घ्यायची असेल, तर अनुवादकाचा हक्क वेगळा तपासा.