कोआलाच्या झाडांमध्ये घर बांधताना

ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनजवळच्या रेडलँड्समध्ये झाडं असलेला प्लॉट घ्यायचा विचार असेल तर घराचा आराखडा नंतर, आधी सरकारचा नकाशा उघडा. आमचं घर आता पूर्ण होत आलंय. या भागात जागा बघणारी ओळखीची मराठी मंडळी सारखी विचारतात, "झाडांचं काय केलंत? परवानगी मिळते का?" फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

ब्रिस्बेनच्या पूर्वेला, मोरटन बेच्या काठचा हा पट्टा. इथून शेजारच्या लोगन शहराच्या बाजूला पसरलेल्या परिसराला 'कोआला कोस्ट' म्हणतात. १९९६ ते २०१४ या काळात इथल्या कोआलांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. झाडं गेली, मधून रस्ते आले. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जायला कोआलाला खाली उतरून चालावं लागतं, आणि चालताना गाडी किंवा कुत्रा गाठतो. त्यात क्लॅमिडिया या जिवाणूचा आजार आहेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराच्या भागातले कोआला 'असुरक्षित' या वर्गातून काढून त्याहून गंभीर अशा 'संकटग्रस्त' वर्गात टाकले. इथल्या नियमांचा जाच वाटणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

आमचा प्लॉट दीड एकराचा. पुढे गवताचं मोकळं रान, मागे निलगिरीची दाट झाडी. क्वीन्सलँड सरकारच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की जागेवर कुठले नियम लागू होतात ते फुकट कळतं. आमचा मागचा भाग नकाशात 'कोआला अधिवास' म्हणून रंगवलेला होता, आणि तोही 'प्राधान्य क्षेत्रा'च्या आत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक प्रकारच्या झाडतोडीला सरळ बंदी. प्राधान्य क्षेत्राबाहेर असता तर अर्ज करून बघता आला असता, इथे तोही मार्ग नाही. हे नियम ७ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहेत.

त्यातली जी सवलत घरबांधणी करणाऱ्यांच्या कामी येते ती ५०० चौरस मीटरची. एका जागेवर अधिवासातला एकूण तेवढा भाग मोकळा करता येतो. यातला 'एकूण' हा शब्द फार महत्त्वाचा. तो हिशेब मालकाचा नसून जागेचा आहे, आणि २०२० च्या त्या तारखेपासून चालू आहे. आधीच्या मालकाने २०२१ मध्ये शेड बांधायला मागची काही झाडं काढली होती. तो तुकडाही आमच्याच ५०० मध्ये धरला गेला. 'क्वीन्सलँड ग्लोब' या सरकारी ऑनलाइन नकाशावर जुने हवाई फोटो बघायला मिळतात. त्यात शेडच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं की किती गेलं ते दिसतं. जागा घेण्याआधी हे एक काम प्रत्येकाने करावंच.

यानंतर पर्यावरण सल्लागार आला. पाहणीची पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. एक झाड मध्य धरायचं, त्याच्याजवळची धरून तीस झाडं घ्यायची आणि प्रत्येकाच्या बुंध्याभोवती मीटरभर अंतरात पालापाचोळा उकरून लेंड्या शोधायच्या, एका झाडाला जास्तीत जास्त दोन मिनिटं. मीही गुडघ्यावर बसून शोधल्या. जांभळाच्या बीएवढी, तशीच लांबट आणि कडक लेंडी, मोडली की आत बारीक तंतू आणि निलगिरीचा स्पष्ट वास. सालीवर नखांचे ओरखडेही होते, पण ते पॉसम या झाडांवर राहणाऱ्या छोट्या प्राण्याचेही असू शकतात, म्हणून सल्लागाराचा भर लेंड्यांवर. मागच्या कोपऱ्यातल्या फॉरेस्ट रेड गम या जातीच्या निलगिरीखाली त्या सर्वांत जास्त सापडल्या. या झाडाला इथले लोक ब्लू गमही म्हणतात आणि कोआलाचं ते आवडतं खाणं.

एका ओळखीच्या बिल्डरने सुचवलं होतं की नकाशाच चुकीचा आहे म्हणून दुरुस्तीचा अर्ज टाका. तशी सोय आहे, आणि नकाशा खरंच चुकलेला असेल तर ती वापरावी. पण आमच्या हातात लेंड्यांची पिशवी होती. नकाशा बरोबर होता, मग अर्ज कशाचा करणार?

सगळं घरच पुढे आणायचं ठरलं. आधीच्या आराखड्यात ते झाडीच्या कडेला होतं, म्हणजे झोपायच्या खोलीतून झाडं दिसावीत. ते मोकळ्या गवतावर आलं तरी प्रश्न संपत नाही, कारण झाड म्हणजे नुसता बुंधा नव्हे. ऑस्ट्रेलियन मानकाप्रमाणे १.४ मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजून त्याला १२ ने गुणायचं. येईल तेवढ्या त्रिज्येत खणायचं नाही, भराव टाकायचा नाही, गाड्या उभ्या करायच्या नाहीत. कडेच्या एका रेड गमचा व्यास ८० सेंटीमीटर भरला, म्हणजे चारही बाजूंना ९.६ मीटर. नेमका तिथूनच ड्राइव्हवे जात होता. या भागात ड्रेनेजची लाइन नाही, सांडपाणी शुद्ध करून आपल्याच जमिनीत जिरवावं लागतं. त्याचे चरही मुळांतच येत होते. आर्बोरिस्टने, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाने, जमिनीवर चुन्याने वर्तुळं आखली आणि आराखडा काढणाऱ्या बाईंनी ती तशीच्या तशी कागदावर घेतली. नंतर जे आखलं ते वर्तुळांच्या बाहेर. ड्राइव्हवे आखूड झाला, त्यात पैसेही वाचले.

दुसरी अडचण आगीची. झाडीजवळचं घर म्हणजे वणव्याचा धोका, आणि झाडापासूनचं अंतर, झाडीचा प्रकार आणि उतार बघून 'बॅल' नावाची श्रेणी ठरते. श्रेणी जितकी वरची तितकं खिडक्या-दारं आणि छताचं काम महाग. बरेच जण इथे झाडं तोडून श्रेणी खाली आणायला बघतात. घर पुढे घेतल्यामुळे आमची श्रेणी आपोआप उतरली. आगीचे नियम आणि कोआलाचे नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं जे ऐकायला मिळतं ते घर चुकीच्या जागी ठेवलं तरच खरं ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

या सगळ्यात सांगलीहून बाबांचा फोन. "अगं, निलगिरी कशाला जपतेस? जमिनीतलं सगळं पाणी ओढते ती. आमच्याकडे सामाजिक वनीकरणात लावली आणि विहिरी आटल्या म्हणून लोक बोंबलतायत." त्यांचं तिथलं म्हणणं मला पटतं. तिकडे ती परकी आहे. इथे तिचं माहेर आहे, आणि तिच्या पानांवर जगणारा प्राणी दुसरं जवळपास काही खातच नाही. फोटो पाठवले, तेव्हा बाबांनीच विचारलं, "मग कुंपण कसं घालणार?"

शेवटी शेडच्या बाजूची मोजकी झाडं काढावी लागलीच, उरलेल्या हिशेबात बसतील एवढीच. त्या दिवशी कोआला स्पॉटर, म्हणजे झाडांवर कोआला आहे का ते शोधणारी जाणकार व्यक्ती, हजर असणं कायद्याने बंधनकारक आहे. कोआला ज्या झाडावर बसला असेल ते झाड तोडायचं नाही, आणि ज्याचा शेंडा त्या झाडाच्या शेंड्यात मिसळलाय तेही नाही. त्याला हाकलायचं नाही, पकडून दुसरीकडे सोडायचं नाही. तो आपणहून जाईपर्यंत थांबायचं. मोठ्या जागांवर तोड टप्प्याटप्प्याने करावी लागते आणि दोन टप्प्यांमध्ये संध्याकाळी ६ ते सकाळी ६ अशी निदान एक रात्र मोकळी सोडायची असते, कारण कोआला रात्री हलतो.

स्पॉटर उजाडताच आली. एकेका झाडाला पूर्ण फेरी, सगळ्या बाजूंनी दुर्बीण. पानांच्या गर्दीत राखाडी गाठ दिसते, ती फांदीची आहे की प्राण्याची हे एका बाजूने कळतच नाही. तिसऱ्या झाडाशी ती थांबली आणि खोडाला गुलाबी फीत बांधली. वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, मादी झोपली होती. शेजारच्या झाडालाही फीत लागली. यंत्रवाल्याने इंजिन बंद केलं. खोळंब्याचे पैसे त्याच्या करारात होते आणि ते आम्ही दिले. कोटेशन घेताना ही ओळ नक्की बघा, नाहीतर ऐनवेळी यंत्रवाला आणि स्पॉटर यांच्यात तुमची ओढाताण होते. दुसऱ्या सकाळी मादी मागच्या झाडीत गेलेली होती. स्पॉटरने पुन्हा सगळी झाडं तपासली, मग काम झालं.

स्पॉटरबद्दल मला आदर आहे, पण तिच्यामुळे त्या दिवशी एक जीव वाचतो, झाड वाचत नाही. झाड वाचतं ते आराखड्याच्या टेबलावर. सरकारच्या भरपाईच्या नियमात एका मोठ्या झाडामागे तीन नवी झाडं लावायची असतात. आमच्या सवलतीत तशी सक्ती नव्हती, तरी आम्ही रेड गम आणि टॅलोवूड (हीही निलगिरीच) यांची रोपं लावली. वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, कोवळे शेंडे खुडतात म्हणून प्रत्येकाला जाळी. पूर्ण वाढलेल्या कोआलाचं वजन पेलायला त्यांना बरीच वर्षं लागतील, आणि तोवर त्या मादीला आजच्याच झाडांवर जगायचंय.

कुंपणाला खाली तीस सेंटीमीटर फट ठेवली. गुळगुळीत पत्र्याच्या कुंपणावर कोआलाला चढता येत नाही, म्हणून तसलं घातलेलं असेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी खांब टेकवून ठेवतात. कुत्रा असेल तर रात्री आत. पोहण्याचा तलाव असेल तर काठाला पक्का बांधलेला जाड दोर पाण्यात सोडावा, पडलेला कोआला त्याला धरून वर येतो.

आता मागच्या बाजूच्या मोठ्या जागेवर प्लॉट पाडण्याचा अर्ज आलाय. अशा अर्जांना जाहीर सूचनेच्या काळात, म्हणजे कामकाजाच्या किमान १५ दिवसांत, कोणालाही लेखी म्हणणं देता येतं. नाव, पत्ता, सही आणि कारणं असली की कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ते विचारात घ्यावं लागतं. माझ्या पत्रात लेंड्यांच्या पाहणीचा नकाशा जोडलाय आणि मागणी एकच आहे : आमच्या झाडीपासून ओढ्यापर्यंतचा झाडांचा पट्टा कुठेही न तोडता प्लॉट आखा. गल्लीतल्या इतर घरांनाही आपापलं पत्र लिहायला सांगतेय, कारण प्रत्येकाच्या मागच्या अंगणात काय दिसलं हे त्यांनाच माहीत आहे.