चार बोटांचं अंतर

आमच्या शाळेच्या मैदानात चारशेचा ट्रॅक बसत नाही. फक्कीनं दोनशेचा आखतो आणि मुली दोन फेऱ्या मारतात. २९ ऑगस्टला, क्रीडा दिनाला, त्यांना पी. टी. उषाची गोष्ट सांगायची माझी जुनी पद्धत. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, चारशे मीटर अडथळा शर्यत, सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलेलं पदक. पण शंभरावा भाग म्हणजे केवढा, हे दाखवता येत नव्हतं. स्टॉपवॉचवर बोटच तेवढं उशिरा पडतं.

यंदा वहीत गणित मांडलं. तिसरी आलेली रुमानियाची कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. म्हणजे सेकंदाला सरासरी सव्वासात मीटर. शंभराव्या भागात सात सेंटिमीटर. फक्कीची रेघच पाच सेंटिमीटर जाड पडते, म्हणून कट्ट्यावर खडूनं दोन बारीक रेघा ओढल्या. मुलींनी मध्ये हात ठेवून बघितला. चार बोटं बसली.

शहरस्तर स्पर्धेत चौथी आलेली आठवीतली मुलगी म्हणाली, "एवढंच? मग नशीबच की, बाई!"

ते मला लागलं. इतकी वर्षं माझी गोष्ट त्या रेघेवरच संपत होती. कुस्तीत खाशाबा जाधवांचं १९५२चं ऑलिंपिक कांस्य, नेमबाजीत स्वप्नील कुसाळेचं २०२४चं कांस्य. कोल्हापूरला कांस्याची किंमत पक्की ठाऊक, म्हणून हुकलेल्या कांस्यापाशी आपण अडकतो. माझ्या मुलींना उषा कमनशिबी वाटली, ही चूक माझी.

दुसऱ्या दिवशी पुढचं सांगितलं. १९८५च्या जकार्ता आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं आणि एक कांस्य: १००, २००, ४००, अडथळा आणि रिले, सगळं एकाच स्पर्धेत. एवढ्या प्राथमिक फेऱ्या आणि अंतिम शर्यती पायांनी कशा सोसल्या असतील, हे धावणाऱ्यालाच कळतं. मुली गप्प झाल्या. १९८६ला सोलच्या आशियाई खेळांत चार सुवर्णं, एक रौप्य. आणि १९९८ला फुकुओकात, चौतिसाव्या वर्षी, मुलाची आई झाल्यावर, २०० आणि ४००मध्ये कांस्य.

आता मी जकार्तापासूनच सुरुवात करते. कट्ट्यावरच्या रेघा पावसानं गेल्या. त्या आठवीच्या मुलीनं पट्टी आणून त्या पुन्हा आखल्या, आणि सरावाला लागली.