'नॉर्मल फ्लोरा'च्या कागदाने खाल्लेले सहा दिवस

रिपोर्टवर एकच ओळ होती: 'नॉर्मल व्हजायनल फ्लोरा', म्हणजे योनीत एरवीही असतात तेच जंतू. म्हटलं, सुटले एकदाची. डॉक्टरांनी कागद उलटापालटा करून विचारलं, "यात जीबीएस कुठाय?"

जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू. आईला बहुधा काहीच जाणवत नाही, पण प्रसूतीत बाळाला लागण झाली तर पहिल्याच आठवड्यात रक्तात संसर्ग, न्यूमोनिया, मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून 36-37 व्या आठवड्यात स्वॅब घेतात. मला 37 वा लागला होता.

चिठ्ठीवर 'जीबीएस स्क्रीनिंग' स्वच्छ लिहिलं होतं. लॅबच्या काउंटरवर टाइप झालं 'व्हजायनल स्वॅब कल्चर', म्हणजे योनीतल्या स्वॅबमधले जंतू वाढवून बघणं. नर्सनेही मग तेवढाच स्वॅब घेतला. तक्रार घेऊन गेले तर उत्तर, "मॅडम, कल्चर म्हणजे कल्चर. सगळे जंतू येतात त्यात." दुसऱ्या खेपेलाही तेच, वर "रिपोर्ट फायनल झालाय." आठ महिन्यांचं पोट घेऊन त्या खिडकीशी उभं राहायचं आणि समोरच्याने मान वर करायची नाही!

तिसऱ्या खेपेला मी हटले नाही. शेवटी आतून मायक्रोबायोलॉजिस्ट बाई आल्या आणि दोन मिनिटांत उलगडा केला. तिथे इतर जंतूंची एवढी गर्दी असते की थोडेसे स्ट्रेप साध्या प्लेटवर सापडतच नाहीत. म्हणून स्वॅब आधी अँटिबायोटिक घातलेल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रवात, 18 ते 24 तास ठेवायचा. बाकीचे दबतात, हे वाढतात. मग ब्लड अगारवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या जेलीच्या प्लेटवर. त्यांनी कुणाची तरी प्लेट दिव्यासमोर धरली: लालभडक अगारवर बारीक करडे ठिपके, भोवती विरळ कडं. माझा स्वॅब या वाटेने गेलाच नव्हता.

दुसऱ्यांदा काडी आधी योनीच्या खालच्या भागातून, मग गुदद्वारातून फिरवली. लाजण्यासारखं काही नाही, अर्ध्या मिनिटात होतं. काउंटरवरून हलण्याआधी पावतीवर 'जीबीएस' शब्द आहे का ते बघा. आणि हो, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती फॉर्मवर आधीच लिहायची, म्हणजे त्याऐवजी क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालेल का हेही लॅब तपासते. मला नव्हती, त्यामुळे हे उशिरा कळलं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

लगेच गोळ्या द्या म्हणून मी मागे लागले. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता घेऊन उपयोग नाही, प्रसूतीपर्यंत जंतू परत येतात. कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन. बाळ येण्याआधी निदान चार तास ते सुरू व्हायला हवं, म्हणून दवाखान्यात पोहोचल्यावर नाव सांगायच्या आधी मी 'जीबीएस पॉझिटिव्ह' सांगितलं. सहा तास मिळाले. लेक ठणठणीत.

फाइलमध्ये दोन्ही रिपोर्ट एकाखाली एक लावलेत. दोन्हींवर 'फायनल' लिहिलंय.