जुन्या शीतपेयांचे कॅन आणि आमची वाटचाल

गिरगावातील आमचे दुकान मुळात रद्दी आणि रिकाम्या बाटल्यांचे. वडिलांच्या काळात वर्तमानपत्रे, काच, पत्रा आणि ॲल्युमिनियम हे सारे काट्यावर तोलले जाई, आणि शीतपेयाच्या रिकाम्या कॅनलाही त्याहून वेगळा मान नव्हता. त्या ढिगात अधूनमधून जड पत्र्याचा, अंगावर वरपासून खालपर्यंत सांधा असलेला एखादा परदेशी कॅन निघे, आणि वडील तो भंगारात न टाकता फळीवर ठेवत. त्या फळीसमोर थांबून चौकशी करणारे लोक वाढू लागले, तेव्हा रद्दीचा व्यवहार हळूहळू आवरता घेऊन आम्ही पूर्णपणे या मालाकडे वळलो.

हा व्यवसाय मुंबईतच रुजला याला सबळ कारण आहे. 1977 साली कोका-कोला कंपनी भारतातून बाहेर पडली आणि 1993 साली परतली. मधल्या काळात थम्स अप, गोल्ड स्पॉट, लिम्का आपल्याकडे सर्रास मिळत होते, पण ते काचेच्या बाटलीत, आणि ती बाटली दुकानदाराला परत द्यावी लागे. त्यामुळे कॅन म्हटला की तो परदेशातला, हे समीकरण घरोघरी पक्के झाले होते. आखातात नोकरीला गेलेले आणि जहाजावर काम करणारे लोक सुट्टीवर येताना कॅन आणत. पेय संपल्यावर तो धुऊन, पुसून शोकेसमध्ये मांडला जाई किंवा मुलांच्या टेबलावर पेन ठेवायला जाई. आमच्याकडे येणारा बराचसा चांगला माल अशा शोकेसमधूनच येतो, आणि तो विकायला आणणाऱ्यांच्या बोलण्यात आजही त्या वस्तूविषयी जिव्हाळा असतो.

या शोकेसमध्ये अरबी अक्षरांतले पेप्सीचे कॅन भरपूर सापडतात, कोका-कोलाचे मात्र मोजकेच. 1968 पासून कोका-कोला अरब राष्ट्रांच्या बहिष्काराच्या यादीत होती आणि आखाती बाजारपेठ बराच काळ पेप्सीच्याच हाती राहिली. म्हणून सत्तरच्या दशकातील कोका-कोलाचा कॅन आखातातून आणल्याचे कोणी सांगितले, तर आम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा एकदा आदराने विचारतो. बहुतेक वेळा काका किंवा आजोबा जहाजावर होते आणि कॅन सिंगापूर किंवा हाँगकाँगहून आला होता, असे निघते. ही माहिती आम्ही कॅनसोबत लिहून देतो, कारण आमच्या मते कॅन कोणी, कुठून आणला हे ठाऊक असले की त्याचे मोल वाढते.

कॅनचे वय ठरवताना आम्ही रंगचित्राआधी झाकण पाहतो. अमेरिकेत 1935 साली कॅनमधून बिअर विकली जाऊ लागली आणि 1938 साली क्लिको क्लब कंपनीची जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचे शीतपेय, शंकूच्या आकाराच्या तोंडाच्या कॅनमध्ये आली. कोका-कोलाने परदेशातील अमेरिकी सैनिकांसाठी 1955 साली कॅन काढले आणि अमेरिकेतील सर्वसामान्य ग्राहकाला ते 1960 साली मिळू लागले. त्या वेळचे झाकण सपाट असे आणि ओपनरने त्याला त्रिकोणी भोके पाडावी लागत. पुढे अमेरिकी अभियंते अर्मल फ्रेझ यांची ओढून काढायची कडी आली, तिचे पेटंट 1963 सालचे. आणि 1975 साली झाकणालाच चिकटून राहणारी, आज सर्वांना ठाऊक असलेली कडी आली. झाकण पाहून झाले की कॅन पत्र्याचा की ॲल्युमिनियमचा हे ओळखायला लोहचुंबक लावायचा, पण तो कॅनच्या अंगाला, झाकणाला नव्हे. पत्र्याच्या कॅनवर ॲल्युमिनियमचे झाकण बसवण्याची पद्धत बराच काळ होती आणि नवखा खरेदीदार तिथेच फसतो.

स्थिती हा आमच्या धंद्याचा कणा आहे. वरची कडी शाबूत ठेवून तळाला दोन बारीक छिद्रे पाडून रिकामा केलेला कॅन संग्राहकाला सर्वांत अधिक भावतो. न उघडलेला, भरलेला कॅन अनेकांना अधिक मौल्यवान वाटतो, पण आम्ही तो तसाच ठेवण्याचा सल्ला देत नाही. पेय आम्लधर्मी असते. आतला लेप कुठे जरी विरला तरी ते धातू खात जाते आणि एके दिवशी कॅन पाझरू लागतो. दादरच्या एका जुन्या ग्राहकांकडे वरच्या कप्प्यातला असाच एक कॅन पाझरला आणि खालच्या कप्प्यातील, त्याहून कितीतरी दुर्मीळ पत्र्याच्या कॅनांच्या कडा गंजल्या. त्या कपाटाची आवराआवर करायला आम्ही स्वतः गेलो होतो आणि ते पाहून फार हळहळ वाटली.

मुंबईची दमट, खारी हवा पत्र्याची वैरी आहे. पावसाळ्यात आम्ही कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅन कधीही बंद करत नाही आणि खिडकीसमोर मांडत नाही, कारण उन्हाने लाल रंग सर्वांत आधी उडतो. उडालेला रंग पुन्हा भरणे किंवा डाग घासून चकाकी आणणे हे आम्ही मागणी असूनही करत नाही. घासताना गंजाबरोबर मूळ छपाईही निघते आणि ती परत आणता येत नाही.

सुरुवातीला आमचा माल चोरबाजारातील मटण स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्यांमार्फत जाई. आता ग्राहक थेट येतात, परगावचे लोक छायाचित्रे मागवतात. आम्ही प्रत्येक कॅनची चार बाजूंची छायाचित्रे, झाकण, तळ आणि पोचा असल्यास तो जवळून दाखवूनच भाव सांगतो. एका घरातून आलेले कॅन शक्यतो एकत्र विकायचे, हा आमचा आग्रह आहे, मग त्यासाठी गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला तरी चालेल. सध्या माझगावच्या एका निवृत्त खलाशांचा संग्रह आमच्याकडे आहे. कोणता कॅन कोणत्या बंदरात घेतला हे त्यांच्याकडून विचारून घेण्याचे काम चालू आहे, आणि ते पूर्ण होईपर्यंत त्यातील एकही कॅन विक्रीस ठेवलेला नाही.